निवडीची नोंद, बढतीचा हिशेब

आम्ही नोकरी करणाऱ्या बायका आहोत. कुणी बँकेत आहे, कुणी चाकणला असेंब्ली लाइनवर, कुणी महापालिकेच्या आस्थापना विभागात, कुणी हिंजवडीला, कुणी अनुदानित महाविद्यालयात. आमच्याबरोबर काही पुरुष सहकारीही आहेत. त्यांतल्या काहींनी निवड समित्यांवर काम केले आहे आणि उमेदवार खोलीबाहेर गेल्यावर काय बोलले जाते ते त्यांनी ऐकले आहे. आम्ही सगळे मिळून ही चळवळ एका कामासाठी सुरू करत आहोत. नोकरीत घेताना आणि बढती देताना बाईला कोणत्या टप्प्यावर, कोणत्या निकषाने मागे ठेवले जाते याचा पुरावा आम्ही गोळा करणार आहोत. हे काम कुणा तज्ज्ञांकडे सोपवून आम्ही मोकळे होणार नाही. ते नोकरी करणाऱ्यांनीच करायचे आहे.

कायदा नाही, अशी आमची तक्रार नाही. संविधानाच्या कलम १६ ने सरकारी नोकरीत लिंगावरून भेदभाव करायला मनाई केली. १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीतला भेदभाव बेकायदा ठरवला आणि १९८७ च्या दुरुस्तीने त्यात बढती, प्रशिक्षण आणि बदली हे तीन शब्द नावानिशी घातले. मग बढतीत डावलल्याचे खटले इतके थोडे का? कारण डावलले गेले हे सिद्ध करायला जे कागद लागतात ते डावलणाऱ्याच्याच कपाटात असतात, आणि पुष्कळदा ते कागद कधी तयारच झालेले नसतात. अर्ज कितीजणींचे आले, मुलाखतीला किती बोलावल्या, कुणाला किती गुण दिले, का दिले, बढतीच्या चर्चेत कुणाचे नाव कधी निघाले आणि कधी गळाले, याची नोंद ठेवायला बहुतेक ठिकाणी कुणी बांधील नाही. जिथे नोंद नाही तिथे अन्याय झाला असे म्हणणारी बाई एकटी पडते. तिला सांगितले जाते की तुझ्यापेक्षा तो लायक होता. ते खरेही असेल. पण ते खरे की खोटे, हे तपासायची सोय तिला नाही, आम्हाला नाही आणि न्यायालयालाही नाही.

पहिल्या बाईचा सत्कार आणि दहाव्या बाईचे काय

२०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्राला पहिल्या महिला पोलीस महासंचालक मिळाल्या, रश्मी शुक्ला. त्याच वर्षी जूनअखेर पहिल्या महिला मुख्य सचिव मिळाल्या, सुजाता सौनिक. राज्य स्थापन झाले १९६० मध्ये. म्हणजे चौसष्ट वर्षे गेली. वर्तमानपत्रांनी दोघींचे कौतुक केले, ते योग्यच होते. पण त्या चौसष्ट वर्षांत सेवेत आलेल्या बाकीच्या अधिकारी बायका कोणत्या पदावर थांबल्या, किती वर्षे थांबल्या, त्यांच्याच तुकडीतले पुरुष त्यांच्यापुढे कधी गेले, हा प्रश्न कुणी विचारला नाही. शिखरावर पोहोचलेल्या एका बाईचे नाव सगळ्यांना कळते. मधल्या पायरीवर निवृत्त झालेल्या शेकडो जणींचा आकडासुद्धा कुणी काढत नाही.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये देशातले पहिले महिला धोरण आणले. सरकारी भरतीत स्त्रियांना तीस टक्के समांतर आरक्षण मिळाले आणि त्यामुळे तालुक्यातालुक्यांतून मुली स्पर्धा परीक्षा देऊ लागल्या. हे मोठे काम झाले, आणि ते करणाऱ्यांचे ऋण आमच्यावर आहे. पण हे आरक्षण सरळसेवा भरतीच्या दारापाशी संपते. आत आल्यावर पुढे जाणे ज्येष्ठता यादी, गोपनीय अहवाल आणि विभागीय पदोन्नती समिती यांच्या हाती असते. दारातून आत आलेल्यांची मोजणी राज्य करते. त्या पुढे कुठे पोहोचल्या, याची सलग मोजणी लोकांसमोर मांडली जात नाही.

देशपातळीवरची आकडेवारीही इथेच थांबते. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला, असे सरकारची नियतकालिक श्रमशक्ती पाहणी सांगते. ही वाढ मुख्यतः ग्रामीण भागातली, घरच्या शेतीत किंवा घरच्या धंद्यात राबणाऱ्या बायकांची आहे. कामावर किती बायका आहेत एवढे यातून कळते. ज्यांनी अर्ज केला आणि ज्यांना घेतले नाही त्या या आकड्यात कुठे दिसत नाहीत, आणि दहा वर्षे त्याच खुर्चीत बसलेलीही दिसत नाही.

गिरणीच्या दारात

आमच्या राज्यात बायकांना असे मागे ठेवणे पहिल्यांदा घडत नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे जवळजवळ एक बाई होती. बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत होत्या. त्यांच्यावर नायकीण असे, आणि नायकीण झाली की बाईची वाट संपली. स्पिनिंग आणि विव्हिंगमधली जास्त पगाराची कामे पुरुषांची, आणि त्या खात्यांत माणसे भरणारा जॉबरही पुरुष. भरती गिरणीच्या दारात व्हायची. जॉबर माणसे हेरायचा, आपल्या गावची, नात्यातली, ओळखीची. त्याने कुणाला आत घेतले हे हजेरीपटावर यायचे. कुणाला परत पाठवले, हे कुठेच लिहिले जात नव्हते.

पुढे काय झाले ते गिरणगावाला ठाऊक आहे. रात्रपाळ्या वाढल्या, आणि बायकांना रात्री कामावर ठेवायला कायद्याची मनाई होती. नवी यंत्रे आली ती नेमकी वाइंडिंगमध्ये आणि रीलिंगमध्ये आली, म्हणजे जिथे बायका होत्या तिथेच. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला आणि त्याचा खर्च मालकावर टाकला. प्रत्येक कारण वेगळे पाहिले तर पटण्यासारखे वाटते. त्यांची बेरीज मात्र अशी झाली की १९८२ च्या संपापर्यंत गिरण्यांमध्ये बायका अगदी थोड्या उरल्या होत्या. ज्या बाहेर पडल्या त्यांच्यातल्या अनेकींनी खानावळी चालवल्या आणि गिरणीतल्याच पुरुषांना जेवू घातले. एकाही गिरणीने ‘बायका नकोत’ अशी पाटी लावली नव्हती. पाटीची गरजच पडली नाही.

या इतिहासातली एक गोष्ट आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये प्रसूती लाभ विधेयकाची चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला, आणि हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, असे मत मांडले. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यामागची भूमिका. जवळजवळ शंभर वर्षे झाली. केंद्रीय प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, कक्षेबाहेरच्या नोकरीत या रजेचा पूर्ण पगार आजही एकट्या मालकाला द्यावा लागतो. लग्न झालेली, पण अजून मूल नसलेली सत्तावीस वर्षांची मुलगी मुलाखतीला समोर बसली की तिच्याकडे संभाव्य खर्च म्हणून पाहिले जाते. रजेचा हक्क आम्ही सोडणार नाही, एक आठवडाही नाही. पण तिचा खर्च समाजाने वाटून घेतला पाहिजे, आणि वडिलांनाही सक्तीची रजा मिळाली पाहिजे, म्हणजे मूल होण्याची ‘जोखीम’ फक्त बाईच्या नावावर चढणार नाही. या मागणीच्या पाठीशी आकडे उभे करायचे असतील तर मुलाखतीत हा प्रश्न किती वेळा आणि कुणाला विचारला जातो, हे आम्हाला मोजावे लागेल.

कागद होता म्हणून

मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोग्राफरांना वेगळी पगारश्रेणी होती आणि साहेबांकडे ‘कॉन्फिडेन्शियल’ म्हणून नेमलेल्या बायकांना कमी. हा फरक १९७५ मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारातच घातलेला होता. १९७७ मध्ये डिकोस्टांची नोकरी गेली. त्यांनी समान वेतन कायद्याखाली दाद मागितली. कंपनीने सांगितले की या बायकांचे काम निराळे, वर्ग निराळा, शिवाय सगळ्यांना सारखे द्यायची आमची ऐपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये हे सगळे फेटाळले. त्या जागांवर फक्त बायका आहेत त्या व्यवस्थापनाला तिथे बायका हव्या आहेत म्हणून; काम तर तेच आहे, असे न्यायालयाने म्हटले.

हा निकाल आपण अभिमानाने सांगतो. त्या जिंकल्या, कारण दोन पगारश्रेणी कागदावर होत्या. एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला आकडा, दोन्ही छापलेले. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये असे छापलेले होते, म्हणूनच सुधा कुलकर्णींना, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींना, जेआरडी टाटांच्या नावे पोस्टकार्ड लिहिता आले. परराष्ट्र सेवेच्या नियमांत लग्नासाठी बाईने परवानगी घ्यावी, असे लिहिलेले होते, म्हणूनच सी. बी. मुथम्मा १९७९ मध्ये त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात बोट दाखवू शकल्या. एअर इंडियाच्या नियमांत हवाई सुंदरींनी पस्तिसाव्या वर्षी किंवा पहिल्या गरोदरपणात निवृत्त व्हावे, असे लिहिलेले होते, म्हणून १९८१ मध्ये गरोदरपणाचे कलम न्यायालयाला रद्द करता आले.

आता कुणी असे लिहीत नाही. २०२४ मध्ये श्रीपेरंबुदूरजवळच्या आयफोन जोडणाऱ्या कारखान्याबद्दल रॉयटर्सने बातमी दिली, की भरती करणारे एजंट विवाहित बायकांना दारातूनच परत पाठवत होते. कंपनीने भेदभावाचा आरोप नाकारला. केंद्र सरकारने तामिळनाडू सरकारकडे अहवाल मागितला. एजंट तोंडी सांगतो, दारावरचा रखवालदार तोंडी सांगतो, पोरी घरी जातात. परत गेलेल्यांची यादी कुठे आहे? मुंबईच्या गिरणीच्या दारापासून तामिळनाडूच्या कारखान्याच्या दारापर्यंत ती यादी कधी झालीच नाही. ती करणे हे या चळवळीचे पहिले काम.

कामगार संघटनांनाही आम्ही हे बजावून सांगतो. डिकोस्टांना कमी पगार देणाऱ्या करारावर संघटनेची सही होती. पुढच्या प्रत्येक करारात भरती आणि बढतीचे स्त्री-पुरुषनिहाय आकडे देण्याचे कलम असावे, ही आमची तुमच्याकडे मागणी आहे, आणि तुमच्या कार्यकारिणीत बायका किती हेही आम्ही विचारणार आहोत.

निकष निष्पाप दिसतो

लष्करातल्या बायकांचा खटला प्रत्येक एचआर अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशन देण्याचा हुकूम केला. मग निवड सुरू झाली आणि पुष्कळ जणी गळाल्या. मार्च २०२१ मध्ये नितीशा प्रकरणात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालाने त्या कशा गळाल्या हे उलगडून दाखवले. या अधिकाऱ्यांचे गोपनीय अहवाल ज्या काळात लिहिले गेले त्या काळात त्यांना कायम कमिशन मिळण्याची शक्यताच नव्हती. त्यामुळे वरिष्ठांनी ते जुजबी लिहिले होते. आता त्याच अहवालांवर गुण दिले गेले आणि त्यांची तुलना पुरुष अधिकाऱ्यांशी केली गेली. वैद्यकीय तंदुरुस्तीची कसोटी पुरुषांना पाचव्या किंवा दहाव्या वर्षी लागली होती, म्हणजे ऐन तरुणपणी. या बायकांना तीच कसोटी चाळिशी-पन्नाशीत लावली. कसोटी सगळ्यांना सारखी आहे, असे लष्कर म्हणाले. सारख्या दिसणाऱ्या कसोटीतही भेदभाव असू शकतो, कारण ती ज्या परिस्थितीवर उभी आहे ती परिस्थिती सारखी नव्हती, असे न्यायालयाने सांगितले.

आमच्या कार्यालयांत असे निकष रोज लागतात. ‘सलग तीन वर्षे उत्कृष्ट शेरा’ हा निकष प्रसूती रजेच्या वर्षी काय करतो? ‘साइटचा अनुभव’ मागणारा निकष, जिथे साइटवर बाईला कधी पाठवलेच नाही तिथे काय करतो? आयटीत संध्याकाळी सातच्या परदेशी कॉलवर जो दिसतो तो ‘कमिटेड’ ठरतो, आणि पाळणाघर साडेसहाला बंद होते.

बँकेतल्या मैत्रिणींचे गाऱ्हाणे आणखी वेगळे आहे. क्लार्कची अधिकारी व्हायची तर बदली घ्यावी लागते, आणि ती पुष्कळदा दूरच्या, अनोळखी गावी होते. बाई नाही म्हणते, लेखी देते. पुढे तोच कागद तिच्याविरुद्ध वापरला जातो: बघा, बायकांना बढती नकोच असते. हे वाक्य आम्ही इतक्या ठिकाणी ऐकले आहे की त्याला आम्ही स्वतंत्र उत्तर देणार आहोत. बढती नाकारल्याची नोंद फाइलमध्ये राहते. ज्या अटीवर ती देऊ केली होती त्या अटीची नोंद राहत नाही. तीच बढती त्याच जिल्ह्यात देऊ केली असती तर तिने घेतली असती का? नवऱ्याची बदली झाली तेव्हा ती नोकरी सोडून किंवा बिनपगारी रजा घेऊन त्याच्यामागे गेली होती का, आणि तिच्या बदलीच्या वेळी तो गेला का? हे प्रश्न विचारून, उत्तरे लिहून, शेकड्याने जमवल्याशिवाय ‘नको असते’ या शब्दांना शास्त्राचा आधार आहे असे कुणी समजू नये. आम्ही ती उत्तरे जमवू, आणि ती आमच्या समजुतीविरुद्ध गेली तरी प्रसिद्ध करू.

पुरावा कसा उभा राहतो

हे मोजता येते, आणि ते आपल्याच एका माणसाने दाखवून दिले आहे. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अटवेल यांच्यासोबत खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवून एक अभ्यास केला. तो २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. शिक्षण, पात्रता सारखीच. अर्जदाराचे नाव तेवढे वेगळे. दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावले जाण्याची शक्यता सवर्ण नावाच्या अर्जाच्या साधारण दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाची एक-तृतीयांश. कुणीही तोंडाने जात काढली नव्हती. नाव पाहूनच अर्ज बाजूला गेले होते.

अमेरिकेतला असाच एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठांतल्या १२७ विज्ञानाच्या प्राध्यापकांना प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज दिला; काहींना जॉनच्या नावाने, काहींना जेनिफरच्या. जॉनला सुचवलेला पगार वर्षाला सुमारे ३०,२०० डॉलर होता आणि जेनिफरला २६,५००. स्त्री प्राध्यापकांनीही पुरुष प्राध्यापकांइतकाच फरक केला. म्हणून निवड समितीवर एक बाई बसवली की काम झाले, यावर आमचा विश्वास नाही. समितीवर बायका असायला हव्यात, पण प्रश्न ठरलेले आणि गुण लिहिलेले असल्याशिवाय नुसत्या त्यांच्या असण्याने सवयीने होणारा निवाडा बदलत नाही.

थोरातांच्या अभ्यासाने आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली आहे. ‘बाई’ हा एकच रकाना धरला तर उत्तर चुकेल. ब्राह्मण इंजिनिअर मुलीची अडचण आणि झाडू मारणाऱ्या दलित बाईची अडचण एका बेरजेत घातली तर दुसरी बाई त्यात दिसेनाशी होईल. महापालिकांत रस्ते झाडणाऱ्या बायका किती, आणि मुकादम झालेल्या किती? आमच्या पहिल्या पाच प्रश्नांत हा प्रश्न असेल. जातीसाठी बिंदुनामावली ठेवली जाते, एकेका बिंदूचा हिशेब होतो, आणि तिच्यावरून न्यायालयापर्यंत जाता येते. नोंद सक्तीची केली की यंत्रणा ती ठेवते, याचा हा पुरावा आहे. प्रत्येक संवर्गात, प्रत्येक पायरीवर स्त्रियांचा आणि जातनिहाय स्त्रियांचा असाच हिशेब आम्हाला हवा आहे.

सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांसाठी माहिती अधिकाराचा रस्ता आहे. दहा रुपयांचे शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. मात्र आकडेवारीचा गोषवारा मागू नका. जी माहिती संकलित केलेलीच नाही ती तयार करून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही, आणि हेच कारण देऊन अर्ज परत येतो. मागायचे ते मूळ कागद: मागच्या दहा वर्षांच्या ज्येष्ठता याद्या, पदोन्नतीचे आदेश, पदोन्नती समितीच्या बैठकांची इतिवृत्ते. यादीत नावापुढे श्री. किंवा श्रीमती असतेच. मोजणी आपण करू. दुसऱ्या कुणाचा गोपनीय अहवाल मागायचा नाही. तो त्या व्यक्तीचा आहे. स्वतःचा मात्र मागायचा, कारण अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितले आहे.

खासगी क्षेत्रात हा रस्ता नाही. तिथे जाहिरातींपासून सुरुवात होईल. ‘पाहिजेत’च्या छोट्या जाहिराती, वाळूज, सातपूर आणि बुटीबोरीच्या कारखान्यांच्या दारांवरचे फलक, भरतीच्या एजंटांचे मोबाइलवरचे निरोप. ‘रिसेप्शनला मुलगी’, ‘सुपरवायझरसाठी पुरुष उमेदवार’, ‘अविवाहितांस प्राधान्य’. तारीख, ठिकाण, पद आणि लिहिलेला पगार यांसह ते जमवायचे. एक वर्षभर एका जिल्ह्यातल्या जाहिराती जमवल्या तर कोणत्या पदाला कोण हवे असते आणि त्या पदांच्या पगारात किती अंतर आहे, याचे चित्र कुणाच्याही परवानगीशिवाय उभे राहते. जोडअर्जांचा प्रयोगही आम्ही करू, एका अर्जात पुरुषाचे नाव, दुसऱ्यात बाईचे, तिसऱ्यात विवाहित बाईचे. पण तो विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या देखरेखीखाली आणि नैतिक समितीच्या मंजुरीनेच. उतावळेपणाने केलेला प्रयोग खोटा ठरवणे सोपे असते. आमच्या प्रश्नाला तेवढे नुकसान परवडणार नाही.

काय मागतो

मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमाने दरवर्षी जबाबदारी अहवाल द्यावा लागतो. त्यात स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांची संख्या असते, मध्यक पगार असतो, प्रसूती रजेवरून कितीजणी परतल्या आणि वर्षभर टिकल्या हेही असते. याचा आम्हाला उपयोग होतो आणि आम्ही तो करू. पण अर्ज किती आले, निवड किती जणींची झाली, बढती किती जणींना मिळाली आणि ती मिळायला सरासरी किती वर्षे लागली, हे त्या अहवालात मागितलेले नाही. सेबीने ते मागावे. हजार मोठ्या कंपन्यांपुरते न ठेवता, शंभरावर माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेला राज्याने ते लागू करावे. ब्रिटनमध्ये अडीचशे किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना २०१७ पासून स्त्री-पुरुष वेतनातला फरक जाहीर करावा लागतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशात उमेदवाराला पगाराची पट्टी आधी सांगण्याचे बंधन आहे आणि मागचा पगार विचारायला मनाई आहे. इथे मुलाखतीत पहिला प्रश्न मागच्या पगाराचाच असतो, आणि पहिल्या नोकरीत कमी घेतलेली बाई तो कमीपणा पुढच्या प्रत्येक नोकरीत घेऊन जाते. मुलाखतीत मागचा पगार आणि लग्न-मुलांविषयीचे प्रश्न विचारायला बंदी हवी.

१९७६ चा कायदा आता वेतन संहितेत विलीन झाला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. जुन्या कायद्यात १९८७ मध्ये घातलेला ‘बढती’ हा शब्द तिच्या तिसऱ्या कलमात नावानिशी नाही. नोकरीच्या अटी एवढेच मोघम म्हटले आहे. त्या अटींत बढती येतेच, असे राज्याने आपल्या नियमांत स्पष्ट लिहावे. ही मागणी छोटी वाटेल. न्यायालयात उभे राहिल्यावर ती छोटी राहत नाही.

आमच्यासाठी आम्ही काही बंधने घालून घेत आहोत. माहिती देणाऱ्या बाईचे नाव, कंपनी, पद बाहेर जाणार नाही. जिथे आकडा इतका लहान असेल की माणूस ओळखू येईल, तिथे तो आकडा छापला जाणार नाही. आम्ही कुणा एका साहेबाचा किंवा एका कंपनीचा पिच्छा पुरवणार नाही. पद्धत, प्रश्नावली, मोजणी सगळ्यांना पाहायला खुली राहील, म्हणजे आमचे विरोधकही तीच मोजणी पुन्हा करून पाहू शकतील. एखाद्या खात्यात बायका पुरुषांच्या बरोबरीने पुढे जात असतील तर तेही तितक्याच ठळकपणे सांगू, कारण तिथे काय वेगळे केले गेले हे आम्हाला शिकायचे आहे.

ज्यांना या चळवळीत यायचे आहे त्यांनी वर्गणी भरण्याआधी एक काम करावे. सरकारी नोकरीत असाल तर तुमच्या संवर्गाची शेवटची दहा वर्षांची ज्येष्ठता यादी मिळवा. खासगी नोकरीत असाल तर नियुक्तिपत्रापासून आजपर्यंतची प्रत्येक अप्रेझलची चिठ्ठी तारखेनुसार लावून ठेवा आणि प्रसूती रजेची वर्षे त्यात खूण करून ठेवा. नोकरी शोधत असाल तर मुलाखतीत विचारलेले प्रश्न त्याच संध्याकाळी लिहा, शक्य तितके शब्दशः. निवड समितीवर बसत असाल, बाई असा वा पुरुष, तर पुढच्या बैठकीत एवढाच प्रस्ताव ठेवा: पहिला उमेदवार आत येण्याआधी प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाचे गुण कागदावर ठरतील, सगळ्यांना तेच प्रश्न विचारले जातील, आणि तो कागद गुणांसह पाच वर्षे जपून ठेवला जाईल. प्रस्ताव नामंजूर झाला तर तो कोणत्या कारणाने नामंजूर झाला, हे इतिवृत्तात लिहून घ्या.